स्ट्रेचिंग की फोम रोलर? सांध्यांच्या लवचिकतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडोदऱ्यात हे प्रश्न वर्षभर येतात, पण तीनदा त्यांची रीघ लागते: नवरात्रीच्या आधी, उत्तरायणानंतरच्या (संक्रांतीच्या पतंगोत्सवानंतरच्या) आठवड्यात, आणि थंडी पडल्यावर कमाटीबागेत पहाटे चालायला येणाऱ्यांकडून. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे साध्यापासून अवघडाकडे लावले आहेत. एकच उत्तर दोनदा देण्याऐवजी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्ट्रेचिंग आणि फोम रोलिंग यांत नेमका फरक काय? दोन्ही म्हणजे अंग मोकळं करणंच ना?

स्ट्रेचिंगमध्ये स्नायूची दोन टोकं एकमेकांपासून लांब जातात. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाच खाली सोडली की पोटरी ताणली जाते आणि घोटा जिथपर्यंत वाकू शकतो तिथपर्यंत वाकतो. म्हणजे सांधासुद्धा त्या हालचालीत उतरतो. रोलिंगमध्ये सांधा जवळपास हलत नाही. फोमच्या लोडावर शरीराचं वजन टाकून स्नायूला वरून दाब दिला जातो आणि तो दाब पुढे-मागे सरकवला जातो. लाटण्याखाली पोळी पसरते तसा रोलरखाली स्नायू लांब होतो, असा अनेकांचा समज असतो. तसं होत नाही (प्रश्न ३).

२. सरळ सांगा, सांधा जास्त वाकावा म्हणून दोन्हींपैकी चांगलं कोणतं?

पुढच्या पंधरा-वीस मिनिटांपुरतं हवं असेल तर दोन्ही जवळजवळ सारखं काम करतात. टिकाऊ फरक हवा असेल तर स्ट्रेचिंग, आणि जितकी नवी हालचाल मिळाली तितक्या टप्प्यात स्नायूची ताकद.

चार आठवड्यांहून अधिक काळ नियमित रोलिंग केल्यावर मांडीच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंमुळे अडणारी हालचाल वाढल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. घोट्याच्या बाबतीत तसा ठोस फायदा दिसलेला नाही. त्यामुळे घोटा ताठ असलेल्या माणसाने पोटरीवर महिनोन्‌महिने रोलर फिरवत बसण्यात अर्थ नाही. त्याने पायरीवरचा स्ट्रेच करावा.

ताकदीचा भाग बहुतेक जण गाळतात. पूर्ण टप्प्यात (सांधा जिथपर्यंत हलू शकतो तिथपर्यंत), सावकाश केलेला ताकदीचा व्यायाम हालचाल वाढवण्यात स्ट्रेचिंगच्या बरोबरीने उतरतो. प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या शहरात दंड-बैठका कुणाला शिकवाव्या लागत नाहीत. खोल, सावकाश उतरलेली बैठक म्हणजे घोटा, गुडघा आणि खुबा यांचा वजनासह केलेला स्ट्रेचच असतो.

३. रोलर फिरवला की लगेच हलकं वाटतं, तासाभरात पुन्हा जसंच्या तसं. गाठी फुटत नाहीत का?

फुटायला गाठ मुळात नसते. दाबल्यावर दुखणारी कडक जागा खरी असते, पण तो दोरीत पडलेल्या गाठीसारखा गुंता नव्हे. मांडीच्या बाहेरची जाड पट्टी किंवा तळपायाचं आवरण एक टक्का ताणायलाही जितका जोर लागतो, तितका रोलरवर झोपून मिळत नाही.

बदलते ती मज्जासंस्थेची सहनशक्ती. दाबाची संवेदना सतत पोहोचत राहिली की मेंदू ताणाला ‘धोका’ म्हणणं थोडं पुढे ढकलतो आणि सांधा पूर्वी जिथे थांबत होता त्याच्या पुढे जातो. एका पायाच्या पोटरीवर रोलर फिरवला तर दुसऱ्या, हातही न लावलेल्या पायाचा घोटासुद्धा किंचित जास्त वाकतो. ऊतक बदलत असतं तर हे झालं नसतं.

हा परिणाम साधारण १० ते ३० मिनिटं राहतो. ती वेळ वाया घालवू नका. रोलिंग झाल्यावर सोफ्यावर किंवा झोपाळ्यावर जाऊन बसलात तर काहीच हाती लागत नाही. त्याच मिनिटांत बैठका, लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवत खाली जाणं) किंवा प्रश्न ५ मधले स्ट्रेच केले तर शरीराला नवा टप्पा वापरायची सवय लागते.

४. माझा सांधा स्नायूमुळे अडतो की हाडामुळे, हे घरी कसं ओळखू?

खेच कुठे जाणवते त्यावरून बरंच कळतं. सांधा ज्या बाजूला मिटतोय त्याच्या विरुद्ध बाजूला ताण आला तर स्नायू अडवतोय. मिटणाऱ्या बाजूला टोचल्यासारखं, चिमटल्यासारखं झालं तर सांधा स्वतः अडवतोय. तिथे ना स्ट्रेचिंग रेटून उपयोग, ना रोलर.

घोट्यासाठी भिंतीची चाचणी करा. अनवाणी उभं राहा, पायाचा अंगठा भिंतीला लावा, टाच जमिनीवर घट्ट ठेवून गुडघा भिंतीला टेकवा. टेकला तर पाऊल एक सेंटिमीटर मागे घ्या आणि पुन्हा टेकवा. टाच न उचलता गुडघा टेकण्याचं शेवटचं अंतर अंगठ्यापासून भिंतीपर्यंत पट्टीने मोजा. साधारण १० सेंटिमीटर असेल तर रोजच्या कामांना घोटा पुरेसा आहे. दोन पायांत २ सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर कमी असलेल्या बाजूकडे लक्ष द्या. गुडघा पुढे नेताना पोटरीत खेच आली तर स्ट्रेचिंगने फरक पडेल. घोट्याच्या पुढच्या घडीत चिमटा आला, आणि त्या पायाला पूर्वी जोरात मुरगळ आली असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

मागच्या मांडीसाठी दाराच्या चौकटीत पाठीवर झोपा. एक पाय दारातून पलीकडे सरळ, दुसरा उचलून चौकटीला टेकवलेला, गुडघा न वाकवता. बैठक (म्हणजे नितंब) चौकटीपासून किती लांब ठेवावी लागते ते मोजून ठेवा. जसजसा फरक पडेल तसतसं ते अंतर कमी होईल.

५. स्ट्रेच किती वेळ धरायचा? दिवसातून किती वेळा?

एका स्नायूसाठी ३० सेकंद, दोन ते चार वेळा, आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस. रोज केलं तर फरक लवकर दिसतो. साठीपुढच्यांनी ३० ते ६० सेकंद धरावं. रविवारी एकदम अर्धा तास ताणण्यापेक्षा रोजची पाच मिनिटं केव्हाही चांगली.

थंड अंगाने सुरू करू नका. आधी पाच मिनिटं चाला किंवा जिना चढा-उतरा. जानेवारीच्या पहाटे हा वेळ दहा मिनिटांचा करा.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे हिसके देणं. दुसरी चूक श्वास रोखण्याची. ताण आल्यावर श्वास सोडा, सोडताना थोडं पुढे जा, घेताना तिथेच थांबा. चेहरा आवळला जात असेल तर तुम्ही हद्दीच्या पुढे आहात.

एका टप्प्यावर येऊन प्रगती थांबली असेल तर आवळा-सोडा पद्धत वापरून पाहा. ताणलेल्या स्थितीत त्याच स्नायूला सुमारे ६ सेकंद मध्यम जोराने आवळायचं (मागची मांडी असेल तर टाच चौकटीवर दाबायची), मग पूर्ण सोडून २० सेकंद थोडं पुढे जायचं. हे तीन वेळा.

६. रोलर नेमका कसा फिरवायचा? व्हिडिओत सगळे भराभर फिरवताना दिसतात.

भराभर फिरवणं हीच मुख्य चूक आहे. वेग सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटरच ठेवा. एका स्नायूवर ६० ते ९० सेकंद पुरे होतात. दुखरी जागा सापडली तर तिथे थांबून चार-पाच संथ श्वास घ्या आणि पुढे सरका.

पोटरीसाठी सतरंजीवर बसा, रोलर घोट्याच्या वर चार बोटं ठेवा, हात मागे टेकून बैठक उचला. घोट्यापासून गुडघ्याच्या खाली चार बोटांपर्यंत जा. तिथून पुढे नको. मग पाऊल आत आणि बाहेर वळवून तेच करा, म्हणजे पोटरीच्या दोन्ही बाजू येतात. बैठक उचलणं जड जात असेल तर ती जमिनीवरच ठेवा. दाब कमी मिळतो, पण तो पुरतो.

पुढच्या मांडीसाठी पालथं पडा, कोपरांवर भार घ्या, रोलर मांडीच्या मध्यावर. गुडघ्याच्या वाटीच्या वरपासून कमरेच्या हाडाच्या खालपर्यंत फिरवा. दुखऱ्या जागेवर थांबून गुडघा चार-पाच वेळा वाकवा आणि सरळ करा. दाबाखाली स्नायू हलला की नुसतं घासण्यापेक्षा जास्त मोकळा होतो.

पाठीच्या वरच्या भागासाठी रोलर खांद्याच्या फऱ्यांखाली आडवा ठेवा, हात डोक्यामागे, बैठक जमिनीवर. श्वास सोडत पाठ रोलरवरून मागे झुकवा. रोलर थोडा वर सरकवून तीन-चार जागी हेच करा. बरगड्या संपतात त्याच्या खाली जाऊ नका. मान हातांनी धरलेली असू द्या, लोंबकळती नको.

७. कुठे रोलर फिरवायचाच नाही?

कमरेखाली आडवा रोलर ठेवून वर झोपणं आधी बंद करा. तिथे बरगड्यांचा आधार नसतो आणि सगळा वाक मणक्यांवर येतो. गुडघ्यामागची खळगी, जांघेची घडी, मानेची पुढची बाजू, पोट आणि कातडीखाली थेट हाताला लागणारं कोणतंही हाड या जागा कायमच्या वर्ज्य. शिरा फुगून वर आलेल्या असतील तर त्यांच्यावरही नको.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल, गरोदरपण असेल किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि न थांबणारं दुखणं असेल तर ते रोलरचं काम नाही. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

८. जितकं जास्त दुखेल तितकं चांगलं, असं जिममध्ये सांगतात. खरं आहे का?

नाही. दहापैकी पाच-सहा इतकी जाणीव पुरे. त्याच्या वर गेलं की स्नायू उलट आवळतो आणि ज्यासाठी बसलात त्याच्या विरुद्ध घडतं. दुसऱ्या दिवशी निळे डाग उठले तर दाब निम्मा करा.

९. आधी रोलर की आधी स्ट्रेचिंग? दोन्ही केलं तर फायदा दुप्पट होतो का?

दुप्पट होत नाही. दोन्ही लागोपाठ केल्यावर मिळणारी हालचाल एकट्या कोणत्याही एका उपायापेक्षा विशेष जास्त नसते. वेळ कमी असेल तर एकच निवडा आणि वाचलेला वेळ ताकदीच्या व्यायामाला द्या. दोन्ही करायचंच असेल तर रोलर आधी, कारण नंतरच्या स्ट्रेचमध्ये ताण सहन करणं सोपं जातं.

१०. व्यायामाआधी स्ट्रेचिंग केलं तर ताकद कमी होते असं वाचलं. मग करायचं की नाही?

एकाच स्नायूला ६० सेकंदांपेक्षा जास्त धरून ताणलं आणि लगेच उडी मारली, पळालं किंवा वजन उचललं, तर जोर काही टक्क्यांनी घटतो. तीस सेकंदांपर्यंतचा स्ट्रेच आणि त्यानंतर हालचालीचा वॉर्म-अप केल्यास ही घट नगण्य असते. रोलिंगने ताकद घटत नाही, म्हणून खेळाआधी ते सोयीचं. सकाळी फक्त चालायला जाणाऱ्यांनी याची काळजी करू नये.

११. गरब्याआधी आणि नंतर काय करावं? दरवर्षी तिसऱ्या रात्री पोटऱ्या आखडतात.

तीन-चार तास अनवाणी, कडक मैदानावर, चवड्यांवर भार घेऊन हजारो पावलं. पोटरी तक्रार करणारच. तिसऱ्या रात्रीचं कारण असं की न सरावलेल्या स्नायूंचं दुखणं श्रमानंतर २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं. पहिल्या रात्रीचं ओझं तिसऱ्या रात्री वसूल होतं. ऐनवेळच्या स्ट्रेचिंगने किंवा रोलरने ते टळत नाही. टळतं ते आधीच्या सरावाने.

गणपती बसले की अधिक महिना नसलेल्या वर्षी घटस्थापनेला जवळजवळ पावणेचार आठवडे उरलेले असतात. त्या दिवसापासून एक दिवसाआड हे करा: पायरीच्या कडेवर उभं राहून टाच वर-खाली १२ वेळा, असे तीन फेरे, खाली जाताना तीन सेकंद मोजत. सोबत खोल बैठका १०, दोन फेरे. पंधरा दिवसांनी टाचांचा व्यायाम एका पायावर करा.

त्या रात्री मैदानावर जाण्यापूर्वी बारा मिनिटं पुरतात. तीन मिनिटं जागच्या जागी गरब्यातली साधी टाळी घेत चाला. दोन्ही पोटऱ्यांवर आणि पुढच्या मांड्यांवर ४५ सेकंद रोलर. मग भिंतीला धरून पाय पुढे-मागे झुलवणं दहा-दहा वेळा, गुडघा भिंतीकडे नेत घोटा वाकवणं पंधरा वेळा, सावकाश लंज आठ-आठ, कमरेतून वळणं दहा. धरून ठेवायचा स्ट्रेच यात मुद्दाम नाही.

घरी आल्यावर लगेच झोपू नका. पाच मिनिटं चाला, पाणी प्या, मग पोटरीचा स्ट्रेच गुडघा सरळ ठेवून ३० सेकंद दोनदा आणि गुडघा वाकवून ३० सेकंद दोनदा. पोटरीत दोन स्नायू आहेत. सरळ गुडघ्याने वरचा ताणला जातो, वाकवलेल्या गुडघ्याने खालचा, आणि गरब्यात खालचाच जास्त थकतो. तळपायाखाली टेनिस बॉल एक-एक मिनिट. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटऱ्यांवर ९० सेकंद रोलर. दुखणं थोडं सुसह्य होतं.

नाचताना पेटका आला तर तिथेच थांबून पायाची बोटं स्वतःकडे ओढा. पेटक्यावर स्ट्रेचच चालतो, रोलर नाही. पण मागून कुणी खडा मारल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर तो पेटका नव्हे. स्नायू फाटला असण्याची शक्यता आहे. त्या रात्रीचा गरबा तिथेच थांबवा. पहिले दोन-तीन दिवस ना ताण, ना रोलर. पोटरीला टाचेशी जोडणारा जाड दोर (अकिलिस टेंडन) तुटला असेल तरीही असंच वाटतं, म्हणून दुसऱ्या दिवशी तपासून घ्या.

१२. पंगतीत मांडी घालून बसता येत नाही आणि उकिडवं बसलं की मागे पडायला होतं. काय ताणू?

या दोन तक्रारी वेगळ्या सांध्यांच्या आहेत.

उकिडवं बसताना मागे पडणारा माणूस बहुधा घोट्यात अडतो. टाचांखाली दोन सेंटिमीटर जाडीची फळी किंवा पुस्तक ठेवून बसून पाहा. एकदम जमलं तर घोटाच दोषी आहे. प्रश्न ११ मधले पोटरीचे दोन्ही स्ट्रेच करा, आणि फळी ठेवूनच रोज दोन-तीन मिनिटं उकिडवं बसा. दर पंधरवड्याला फळी थोडी पातळ करा. फळीनेही जमलं नाही तर खुबा किंवा गुडघा पाहावा लागेल.

मांडी घालण्यासाठी खुबा बाहेर वळावा लागतो. पाठीवर झोपून एका पायाचा घोटा दुसऱ्याच्या गुडघ्यावर ठेवा आणि खालची मांडी छातीकडे ओढा. खेच नितंबात यायला हवी. सोबत बैठकीखाली पाट किंवा घडी केलेली घोंगडी घ्या, म्हणजे गुडघे खुब्यांच्या खाली येतात आणि कंबर गोल होत नाही. आठवड्या-आठवड्याने उंची कमी करा. नितंबाच्या कडक जागेवर टेनिस बॉल ठेवून बसल्याने मदत होते.

पण मांडी घालताना जांघेत पुढून दुखत असेल, किंवा खुर्चीवर बसून पाऊल बाहेर नेताना (म्हणजे खुबा आत वळताना) एक बाजू फारच कमी जात असेल, तर गुडघे दाबून दाबून खाली नेऊ नका. ती खुब्याच्या झिजेची सुरुवात असू शकते. एक्स-रे काढण्याचा निर्णय डॉक्टर घेतील.

१३. दोन महिने मागची मांडी ताणतोय, तरी वाकल्यावर बोटं पावलांना लागत नाहीत. का?

कदाचित मांडी अडवतच नसेल. खुर्चीच्या कडेवर बसा, पाठ गोल करा, हनुवटी छातीला लावा आणि एक गुडघा हळू सरळ करा. मांडीमागे खेच आली की तिथेच थांबून फक्त मान वर उचला. खेच कमी झाली तर ती स्नायूची नाही, कारण मान हलवल्याने मांडीचा स्नायू सैल पडत नाही. ताणली जातेय ती पायात उतरणारी नस.

नसेला धरून ठेवलेला ताण आवडत नाही. मुंग्या येतात, दुसऱ्या दिवशी जास्त आखडतं. तिथे हलवत राहायचं: याच बैठकीत गुडघा सरळ करताना मान वर, गुडघा वाकवताना मान खाली, संथ लयीत १० ते १५ वेळा, दिवसातून दोनदा, न दुखवता. रोलर या बाबतीत निरुपयोगी. पायात जळजळ, बधिरपणा किंवा खोकताना कळ येत असेल तर प्रश्न १९ पाहा.

मान उचलूनही खेच तशीच राहिली तर स्नायूच आहे. प्रश्न ५ मधली आवळा-सोडा पद्धत वापरा.

१४. मांडीच्या बाहेरच्या पट्टीवर रोलर फिरवताना डोळ्यांत पाणी येतं. चालू ठेवू का?

नको. ती पट्टी स्नायू नाही. तिला लांबवता येत नाही (प्रश्न ३). तिला जोडलेले स्नायू वर आहेत: खिशाच्या खालचा छोटा आणि नितंबाचा मोठा. रोलर किंवा बॉल तिथे लावा. गुडघ्याच्या बाहेरच्या दुखण्यासाठी कुशीवर झोपून वरचा पाय उचलण्याचा व्यायाम, १५ वेळा, तीन फेरे, या रोलरपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

१५. उत्तरायणाचे दोन दिवस गच्चीवर गेले. मान आणि खांदे दगड झालेत. मानेवर रोलर चालेल?

मानेवर नको, पाठीच्या वरच्या भागावर नक्की. दिवसभर मान मागे टाकून आभाळात पाहिल्यावर मानेचे सांधे मागून दाबले जातात आणि पाठीचा वरचा भाग ताठ राहिला तर मानेला एकटीलाच वाकावं लागतं. प्रश्न ६ मधला फऱ्यांखालचा रोलर दोन मिनिटं, मग हनुवटी मागे घेऊन (डबल चिन होते तशी) पाच सेकंद, दहा वेळा. मांजा ओढणाऱ्या हाताच्या बाजूला भिंत आणि खांदा यांमध्ये टेनिस बॉल दाबून एक मिनिट. मान हातांनी खेचून ताणण्याची घाई करू नका. दोन-तीन दिवसांत उतरतं. हातात मुंग्या आल्या तर थांबा.

१६. आईचं वय ७० आहे, गुडघे दुखतात. जमिनीवर उतरून रोलर करणं शक्य नाही.

उतरायची गरजच नाही. खुर्चीत बसून मांडीवर आणि पोटरीवर लाटणं फिरवता येतं. दाब हाताच्या ताब्यात असतो, आणि तेच या वयात महत्त्वाचं. हाडावर लागू देऊ नये.

स्ट्रेचिंग पलंगावर करा. पाठीवर झोपून पावलाभोवती जुनी साडी किंवा ओढणी अडकवून पाय सरळ उचलायचा, ४५ सेकंद. गुडघ्याखाली रोज उशी घेऊन झोपायची सवय असेल तर ती हळूहळू सोडावी. तिने गुडघा पूर्ण सरळ होणं बंद होतं. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच सेकंद, दहा वेळा. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर किती वाकवायचा हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरच ठरवतील.

१७. मला मधुमेह आहे. खांदा वर जात नाही, रात्री दुखतो. स्ट्रेचिंग वाढवू की रोलर आणू?

आधी एक तपासा. कोपर कुशीला चिकटवून काटकोनात वाकवा आणि दुसऱ्या कुणाला तुमचा पंजा बाहेरच्या बाजूला हळू फिरवायला सांगा. त्यांनी फिरवूनही हात जागच्या जागी अडत असेल तर खांदा गोठला असण्याची शक्यता मोठी. मधुमेहींमध्ये हे बरंच जास्त आढळतं. यात सांध्याचं आवरण आकसतं आणि रोलरचा दाब तिथवर पोहोचतच नाही. दुखण्याच्या पहिल्या टप्प्यात जोराने ताणलं तर दुखणं वाढतं. लंबकासारखा हात झुलवणं आणि सहन होईल इतपतच हालचाल. साखर आटोक्यात आणा आणि डॉक्टरांना दाखवा. हे वर्ष-दोन वर्षंही चालू शकतं, म्हणून लवकर गेलेलं चांगलं.

पावलांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी तळपायाखाली बॉल फिरवू नये. जखम झालेली कळत नाही.

१८. माझे सांधे आधीच खूप वाकतात, अंगठा मनगटाला लागतो. तरी सारखं ताठ वाटतं. स्ट्रेच करावंसं वाटतं.

तुम्हाला ताणायची गरज नाही. सांधे सैल असलेल्यांचे स्नायू सांधा सांभाळायला सतत आवळलेले राहतात, आणि तेच ‘ताठ’ वाटतं. ताणून क्षणभर बरं वाटतं, पण सांधा आणखी सैल सोडला जातो. हलका रोलर चालेल. खरा उपाय मधल्या टप्प्यातली ताकद. सांधा पूर्ण मागे टेकवून उभं राहायची सवयही सोडा.

१९. डॉक्टरांकडे केव्हा जायचं?

दुखण्याने रात्री झोपमोड होणं, सांधा सुजून गरम होणं, पडल्यावर भार टाकता न येणं, सांधा मध्येच अडकणं, सकाळचा ताठरपणा तासाभरापेक्षा जास्त टिकणं, पायात बधिरपणा किंवा पाऊल लटकं पडणं. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा जांघेभोवती बधिर झालं तर त्याच क्षणी.

२०. रोलर कोणता घ्यावा? लाटणं चालतं म्हणता, मग घ्यावाच का?

पोटरी आणि मांडीसाठी लाटणं पुरतं. पाठीसाठी रोलर लागतो. पहिला रोलर गुळगुळीत, मध्यम कडक, साधारण १५ सेंटिमीटर व्यासाचा आणि ४५ सेंटिमीटर लांबीचा घ्या. अंगठ्याने दाबून पाहा: खळगा लगेच भरून आला पाहिजे. तो तसाच राहिला तर रोलर लवकरच चपटा होणार. खिळ्यांसारखे उंचवटे असलेले नवख्यांना नकोत, ते दुखवतात आणि स्नायू आवळतो. क्रिकेटचा लेदर बॉल फार कठीण असतो, टेनिस बॉल घ्या.

२१. सहा आठवडे नियमित केलं, काडीचाही फरक नाही. आता?

आधी ‘फरक नाही’ हे मोजून म्हणताय का ते पाहा. ताठ वाटणं आणि सांधा कमी वाकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्न ४ मधली चाचणी दर रविवारी, त्याच वेळी, व्यायामाच्या आधी करा आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. संध्याकाळी अंग सकाळपेक्षा सैल असतं, त्यामुळे वेळ बदलली की आकडा फसवतो.

आकडा खरोखर हलला नसेल तर तीन गोष्टी तपासा. अडथळा सांध्याचा तर नाही (प्रश्न ४)? नस तर नाही (प्रश्न १३)? आणि ताकदीचा भाग सुटला तर नाही (प्रश्न २)? बहुतेक वेळा तिसरी गोष्ट सुटलेली असते. तिन्ही ठीक असूनही आकडा तिथेच असेल तर तुमच्या हाडाची घडण तिथेच संपते. खुब्याची खोबण कुणाची उथळ, कुणाची खोल असते. खोल असेल तर पूर्ण पद्मासन कधीच बसणार नाही, आणि त्यात बिघडलेलं काही नाही. मग पाट ठेवून बसा, आणि वाचलेला वेळ चालण्याला आणि बैठकांना द्या.